शेफील्डचा चाकू शेफील्डला नेला

चाकूचा शौक म्हटला की आपल्या वस्तीत लोक जरा बाजूला सरकतात. हिंदी सिनेमातल्या रामपुरीने त्याचे नाव पार बदनाम करून ठेवले आहे. आमचा शौक तसला नाही. आम्ही जन्मभर टूलरूममध्ये फिटर म्हणून राबलो. त्यामुळे पोलादाचे पाते, त्याची घडी, धार, मुठीची रिव्हेट यांत मन रमते, एवढेच. घरी पत्र्याच्या डब्यात एकोणीस चाकू आहेत. त्यांतला सर्वांत जुना वडिलांचा. ते माटुंग्याच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये होते. हा घडीचा चाकू त्यांनी चोर बाजारात घेतला होता. पात्याच्या बुडाशी इंग्रजीत ‘शेफील्ड’ असे कोरलेले आहे. त्याने ते वायरी सोलत, कैऱ्या चिरत आणि रात्री आम्हा चार भावंडांच्या पेन्सिलींना टोक काढून देत.

आमची धाकटी मुलगी नर्स आहे. नोकरीने तिला नेमके शेफील्डलाच नेले. २०२५ च्या मे महिन्यात आम्ही दोघे तिच्याकडे गेलो, तेव्हा वडिलांचा चाकू बरोबर घेतला. विमानात हातातल्या पिशवीत चाकू चालत नाही, म्हणून मोठ्या बॅगेत, कपड्यांच्या तळाशी, फडक्यात गुंडाळून ठेवला. ज्या गावात तो घडला ते गाव त्याला दाखवावे, असे मनात होते.

मुलीने चाकू हातात घेतला, आजोबांची आठवण काढली आणि लगेच फुटपट्टी आणली. पाते भरले सव्वातीन इंच.

“पप्पा, हा घराबाहेर न्यायचा नाही.”

इंग्लंडात १९८८ चा कायदा आहे. धारेची लांबी तीन इंचांपर्यंत असलेला, घडी होणारा, पाते उघडल्यावर लॉक न होणारा चाकू खिशात चालतो. त्यापुढे गेलात की सबळ कारण हवे, आणि ते सिद्ध करायचे तुम्हीच. स्वतःच्या रक्षणासाठी ठेवला, हे कारण साधारणपणे मानत नाहीत. शिक्षा चार वर्षांपर्यंत. आपल्याकडे शस्त्र कायद्याच्या नियमांत नऊ इंच लांब किंवा दोन इंच रुंद पात्याची गोष्ट आहे, आणि घरकाम, शेतीकाम, कारखान्याची हत्यारे त्यातून वगळली आहेत. आम्ही त्याच हिशेबाने चाललो होतो. जपानात तर सहा सेंटिमीटरपुढचे पाते कारणाशिवाय जवळ बाळगता येत नाही. उलट स्वित्झर्लंडमध्ये सैनिकांना मिळतो तो घडीचा चाकू हत्यारांत मोडतच नाही. चाकू तोच, सीमा ओलांडली की त्याची जात बदलते!

आम्ही थोडा वाद घातला. कारागिराला दाखवायला नेतो, हे सबळ कारण नाही का? मुलगी म्हणाली, “असेल. पण ते रस्त्यावर पोलिसाला आणि मग कोर्टात पटवून द्यायचं. माझी नोकरी व्हिसावर आहे, पप्पा.” मग हळूच म्हणाली, “रात्रपाळीला सोळा-सतरा वर्षांची पोरं येतात. पोटात वार झालेली. एकाची आई माझा हात सोडत नव्हती.” यावर आम्ही काय बोलणार? आणखी एक गोष्ट तिने सांगितली. रस्त्यावरच्या झडतीत काळ्या लोकांना गोऱ्यांपेक्षा कितीतरी जास्त अडवतात, हे तिथले सरकारी आकडेच सांगतात. आमचा रंगही काही दुधासारखा नाही. झडतीचा अनुभव आपल्या माणसांना नवा नाही. चाकू ड्रॉवरमध्ये गेला. मोबाईलवर त्याचे दोन फोटो काढून घेतले.

शेफील्ड हे सात टेकड्यांवरचे गाव म्हणतात. चढ-उतार इतके की मुलीच्या आईचे गुडघे बोलू लागले. टेकड्यांवरून उतरणाऱ्या नद्यांच्या पाण्यावर पूर्वी धारेचे दगड फिरत. चाकू करणाऱ्यांचा संघ इथे १६२४ साली पार्लमेंटच्या कायद्याने स्थापन झाला. त्यांच्या कटलर्स हॉलमध्ये १८५१ च्या लंडनच्या प्रदर्शनासाठी केलेला एक अजस्र चाकू आहे. त्याला पंचाहत्तर पाती व अवजारे आहेत. तो खिशात घालून दाखवा म्हणावे!

आमचा जीव रमला तो डॉन नदीकाठच्या केलहॅम आयलंड संग्रहालयात. तिथे ‘लिटल मेस्टर’ म्हणजे एका खोलीत भाड्याने बसून काम करणाऱ्या छोट्या कारागिरांच्या खोल्या जपल्या आहेत. ऐरण, भाता, चामड्याचा पट्टा पाहून आपल्याच टूलरूममध्ये आल्यासारखे वाटले. पण त्या चकचकीत पात्यांमागे काय होते, हेही वाचकांनी जाणून घ्यावे. कोरड्या दगडावर धार लावणाऱ्यांच्या छातीत दगडाची व पोलादाची धूळ बसे. असे कामगार जेमतेम पस्तिशी गाठत, असे एंगल्सने १८४५ च्या आपल्या पुस्तकात एका डॉक्टरच्या हवाल्याने नोंदवले आहे. पात्यावर नाव मालकाचे. धूळ खाणाऱ्याचे नाव कुठेच नाही.

एक नाव मात्र राहिले. हॅरी ब्रिअर्ली. बाप पोलादाच्या भट्टीवर मजूर, पोरगा बाराव्या वर्षी शाळा सोडून कामाला लागला. १९१३ साली त्याने गंज न धरणारे पोलाद काढले. आपल्या मांडणीवरची स्टीलची ताटे-वाट्या पाहताना आता तो आठवेल.

तिथल्या एका वयस्क कारागिराला आम्ही फोटो दाखवला. त्याने चष्मा कपाळावर सरकवला, बराच वेळ पाहिले आणि पात्याच्या कडेवर बोट ठेवले. मुलीने त्याचे बोलणे समजावले, “तो म्हणतो, पुष्कळ वेळा धार लावली आहे. मूळचं पातं याहून लांब होतं.” वडिलांच्या दगडाचा आवाज आमच्या कानात आला. मुलीची आई पटकन म्हणाली, “मग आणखी दहा वर्षं घासा. तीन इंचांत बसेल.” कारागिराला तिने ते इंग्रजीत सांगितले तेव्हा तो खोकेपर्यंत हसला.

पुढे आठ दिवस जर्मनीत भाच्याकडे गेलो. त्याने सोलिंगन दाखवले. जुन्या वस्तऱ्यांवर हे नाव पुष्कळांनी पाहिले असेल. १९३८ पासून त्या नावाला कायद्याचे संरक्षण आहे. जिनसेची मुख्य कामे त्या भागात झाल्याखेरीज तिच्यावर ते नाव घालता येत नाही. गाव स्वतःला ‘पात्यांचे शहर’ म्हणवते. त्याच गावात २३ ऑगस्ट २०२४ रोजी साडेसहाशेव्या वर्षाच्या उत्सवात एकाने चाकूने तिघांचे प्राण घेतले. ऑक्टोबरअखेर कायदा कडक झाला. जत्रा-उत्सवांत आणि लांब पल्ल्याच्या गाड्यांत चाकू बंद झाला. फ्रॉनहोफ चौकात भाचा आवाज खाली आणून बोलत होता. पात्यांच्या संग्रहालयात आम्ही तासभर फिरलो, पण शेफील्डसारखे मन लागले नाही.

जर्मनीतल्या रेल्वेचा प्रवास ठरलेला असल्यामुळे वडिलांचा चाकू बरोबर घेतलाच नव्हता. परतीचे विमानही तिथूनच मुंबईला होते. तो मुलीच्या स्वयंपाकघरात राहिला. घराच्या आत इंचांचा हिशेब कोणी विचारत नाही. परवा फोनवर ती सांगत होती, मासळीवर पिळायचे लिंबू त्यानेच कापते. धार जरा उतरली आहे, दगड पाठवा म्हणाली.