वहिनीचा रिपोर्ट

वहिनीच्या आतड्याचा कॅन्सर यकृतात गेल्याचं कळलं, त्याच आठवड्यात पुतण्याचा मिरजेहून मेसेज आला. ‘काका, यावरचं प्रोटीन तुमच्या सिंगापूरमध्येच सापडलंय म्हणे. चौकशी करा ना.’ सोबत बातमीचं कात्रण.

मी तेव्हा जुरोंग आयलंडवर एका पेट्रोकेमिकल प्लँटमध्ये पाळीला होतो. सात बेटं भर घालून जोडली आणि हे एक बेट केलं, 2000 साली रीतसर उद्घाटन झालं. पासाशिवाय आत सोडत नाहीत. बेटावरच पेसेक रोडला सरकारी रसायन संशोधन संस्था होती, त्यामुळे घरच्यांना वाटलं, औषध काकांच्या शेजारीच शिजतंय. प्रत्यक्षात ते काम बेटाबाहेर, बायोपोलिस या संशोधन संकुलातलं.

प्लँटमध्ये साधा फोन नेता येत नाही. रात्रपाळी सुटली की कंपनीच्या बसमध्ये वाचत बसायचो. प्रोटीनचं नाव पीआरएल-३. झेंग ची या संशोधिकेने 1998 मध्ये त्याची नोंद केली. 2001 मध्ये अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्सच्या गटाला आतड्याच्या कॅन्सरच्या यकृतात पसरलेल्या गाठींमध्ये त्याचं जनुक जोरात चालू असलेलं दिसलं. म्हणजे नेमकं वहिनीचंच दुखणं. झोप उडाली माझी.

मग तिचा रिपोर्ट पुन्हा उघडला. त्यात सीईए होता. हेही प्रोटीनच, 1965 मध्ये मॉन्ट्रियलला सापडलेलं. रक्तातला त्याचा आकडा चढला की डॉक्टर सावध होतात. पण वहिनीला चालू असलेलं एकही औषध त्याच्यावर नव्हतं. केमोसोबत तिला बेव्हासिझुमॅब लावलं होतं. ते व्हीईजीएफ या प्रोटीनला अडवतं आणि गाठीला नव्या रक्तवाहिन्या फुटू देत नाही. पण ते कुणाला लागू पडेल हे आधी सांगणारी भरवशाची तपासणी नाही. आमच्या भाषेत, सीईए म्हणजे नुसता गेज आणि व्हीईजीएफ म्हणजे गेज नसलेला व्हॉल्व्ह. दोन्ही एकाच जागी मिळणं दुर्मीळ. स्तनाच्या कॅन्सरमध्ये हर-२ तसं निघालं: गाठीत ते जास्त असेल तरच ट्रास्टुझुमॅब द्यायचं. ते औषध 1998 पासून बाजारात आहे.

पीआरएल-३ कडून तीच आशा आहे, पण अडचण मोठी. हे प्रोटीन पेशीच्या आत राहतं आणि ट्रास्टुझुमॅबसारखी अँटिबॉडी एवढी थोराड, की आत शिरत नाही. झेंग ची यांच्या गटाचं म्हणणं असं, की कॅन्सरच्या पेशींमध्ये त्यातलं काही बाहेरच्या अंगाला येतं आणि अँटिबॉडीला तेवढं पुरतं. 2019 च्या त्यांच्या लेखात अकरा प्रकारच्या कॅन्सरचे 151 नमुने तपासले होते. सुमारे 80 टक्क्यांत ते सापडलं. त्यांची ही अँटिबॉडी, पीआरएल३-झुमॅब, माणसांवर चाचणीला गेली. चाचणीला म्हणजे औषधाच्या दुकानात नव्हे. कात्रणात नेमकी हीच ओळ नव्हती, आणि असल्या बातम्यांचा मला तेव्हापासून राग आहे.

पुतण्याला फोन केला. चालू उपचार अर्धवट सोडून तिला विमानात बसवू नकोस, म्हटलं. चाचणीत घेण्याचे नियम कडक असतात, ते तुझ्या डॉक्टरांनाच वाचायला दे.

‘मग आम्ही काय करायचं, काका?’

ऑपरेशनच्या वेळी गाठीचा तुकडा मेणात बसवून ठेवलेला असतो, तो ब्लॉक कुठल्या लॅबमध्ये आहे ते आधी विचार, म्हणालो. पुढे कुठलीही तपासणी निघाली तर पहिल्यांदा तोच मागतील. दुपारी त्याने लॅबचा पत्ता आणि ब्लॉकचा नंबर पाठवला.