लंडनचा फोन, व्हाया खांब

खांबच्या गच्चीवरून लंडनच्या ऑफिसचा फोन उचललाय कधी? मी उचललाय!

बाबांचं ऑपरेशन होतं. बॉसला ‘वर्क फ्रॉम होम’ सांगितलं. होम मुंबई-गोवा हायवेवर आहे, हे नाही सांगितलं. टेबलावरचा लँडलाइन भारतातल्या मोबाइलवर फॉरवर्ड केला. क्लायंट फिरवणार प्लस ४४, वाजणार प्लस ९१. समोर सुरगड, खाली एसटीचा हॉर्न आणि भर दुपारी दोन वाजता माझं बिनधास्त ‘गुड मॉर्निंग’!

मग बिल आलं. फोन करणारा लंडनपर्यंतचेच पैसे भरतो. लंडन ते खांब हा दुसरा कॉल फॉरवर्ड करणाऱ्या नंबरवर चढतो. म्हणजे ऑफिसच्या! सगळं कबूल केलं. बॉस एवढंच म्हणाली, ‘आधी का नाही बोललीस?’ आणि ऑफिस एक्स्चेंजचं अ‍ॅप मोबाइलवर टाकायला लावलं. आता कॉल इंटरनेटवरून येतो, परदेशी कॉलचं मीटर पडत नाही. फक्त रेंजसाठी गच्ची सुटत नाही.

परवा दुबईच्या क्लायंटने विचारलं, ‘लंडनला पाऊस आहे का?’ मी अडखळले. खाटेवरून बाबा ओरडले, ‘अगं, सांग की, खांबला धो धो पडतोय!’

सांगून टाकलं. आता तो आधी बाबांची तब्येत विचारतो, मग काम.