टेकडी परत आली

मंडळी, आज एक कबुली द्यायची आहे. चौतीस वर्षं वर्गात "चूक कबूल करायला लाजू नये" असं सांगत आले, तेव्हा आता मागे फिरायची सोय नाही.

मे महिन्यात नातू सुट्टीला आमच्याकडे आला होता. वय वर्षं अकरा. आमच्याकडचा जुना कॉम्प्युटर त्याने ताब्यात घेतला आणि त्यावर माइनक्राफ्ट सुरू झालं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. मार्कुस पेर्सन या स्वीडिश गृहस्थांनी २००९ साली हा खेळ लोकांसमोर आणला. यात जिंकायची घाई नसते. चौकोनी ठोकळ्यांचं एक अफाट जग असतं. त्यात खणायचं, तोडायचं, रचायचं. दिवाळीत आपण अंगणात किल्ला करायचो ना, त्याचंच हे भावंड, फक्त हात मळत नाहीत, असं माझं मत.

त्या दिवशी जेवायला तीन हाका मारल्या. तिन्ही वेळा एकच उत्तर : "आजी, पाचच मिनिटं!" आमटी निवत होती. चौथ्यांदा मी हाक मारली नाही. सरळ जाऊन भिंतीवरचं बटण बंद केलं.

तो मुकाट्याने जेवला. संध्याकाळी बघतो तर ते जग उघडेना. महिनाभराचं काम होतं. मी म्हटलं, "अरे, खेळच तर आहे. परत कर." त्याने माझ्याकडे नुसतं पाहिलं, बोलला काहीच नाही. रडला असता तर बरं वाटलं असतं. रात्री मला झोप लागली नाही.

सकाळी शेजारची कॉलेजात जाणारी मुलगी आली. माझ्या एका विद्यार्थ्याचीच लेक. ती म्हणाली, "बाई, आधी कशालाही हात लावू नका. पूर्ण फोल्डरची एक प्रत दुसरीकडे काढून ठेवू. दुरुस्ती करायची ती प्रत हाताशी ठेवूनच." मग तिने मला शेजारी बसवून सगळं समजावलं आणि मी ते वहीत लिहून घेतलं (सवय!).

प्रत्येक जगाचं एक फोल्डर असतं. त्यात 'लेव्हल डॉट डॅट' नावाची एक लहानशी फाइल असते. जगाचं नाव, त्यातली वेळ, खेळाची सुरुवात कुठून होते, अशी जुजबी पण महत्त्वाची माहिती तिच्यात. शाळेच्या जनरल रजिस्टरचं पहिलं पान म्हणा ना. प्रत्यक्ष जमीन आणि बांधकाम वेगळ्या फाइलींत असतं. सोळा बाय सोळा ठोकळ्यांचा एक तुकडा, आणि असे १०२४ तुकडे एका फाइलीत. त्या फाइलीच्या सुरुवातीला अनुक्रमणिका असते, कोणता तुकडा कुठे ठेवलाय ते सांगणारी. हे लिहिणं चालू असतानाच वीज गेली, की ओळ अर्धवट राहते. मग खेळाला ती वाचता येत नाही.

माझं बटण नेमकं तेव्हाच पडलं होतं.

पण खेळ करणारे लोक शहाणे. त्या पहिल्या पानाची आदली प्रत 'ओल्ड' अशी शेपटी लावून तिथेच ठेवलेली असते. मुलीने बिघडलेल्या फाइलीचं नाव बदलून ती बाजूला सारली, जुनीची शेपटी काढली आणि खेळ सुरू केला. जग उघडलं! नातवाने खुर्चीतच उडी मारली. मीही देवाला हात जोडले.

आणि मग तो एकदम गप्प झाला.

त्याच्या गावाच्या मधोमध एक टेकडी उभी होती. गवत, झाडं, सगळं कसं छान. गावाची भिंत तिथवर येऊन सुरीने कापल्यासारखी थांबली होती. "आजी, ही टेकडी मी खणून सपाट केली होती," तो म्हणाला. "इथे वाचनालय होतं."

मुलीने सांगितलं ते असं. प्रत्येक जगामागे एक आकडा असतो, त्याला सीड म्हणतात. बीज. त्या बीजावरून जमीन तयार होते. एखाद्या तुकड्याची नोंद वाचताच आली नाही, तर खेळ तो तुकडा बीजावरून नव्याने घडवतो. टेकडी होती तिथे टेकडीच उगवते. आपण तिथे काय केलं होतं, ते बीजाला ठाऊक नसतं.

हे ऐकलं आणि मला एकदम सातवी 'ब'चा एक मुलगा आठवला. गणिताच्या वहीच्या मागच्या पानांवर तो एक गाव काढायचा. नदी, पूल, घरं, रोज थोडं थोडं. मी ती पानं फाडून टोपलीत टाकली होती. कोरी वही दिली आणि म्हटलं, "आता नीट वापर." कोरी वही म्हणजे भरपाई, असं मला तेव्हा खरंच वाटलं होतं. जमीन परत मिळाली की माणसाचं सगळं परत मिळालं, असं समजण्यातलीच ही गत. त्या मुलाने वर्षभर पुन्हा काही काढलेलं मला दिसलं नाही. मला वाटलं, सुधारला.

त्याची माफी मागायची राहून गेली. नातवाची मागितली. तो म्हणाला, "जाऊ दे आजी, मीपण उठलो नाही ना." मुलं आपल्यापेक्षा लवकर हिशेब मिटवतात.

आता आमच्यात करार झालाय. मी जेवणाआधी दहा मिनिटं सांगायचं, त्याने सेव्ह करून नीट बाहेर पडायचं आणि उठायचं. भिंतीवरच्या बटणाला कोणी हात लावायचा नाही. आणि दर रविवारी त्या फोल्डरची प्रत पेनड्राइव्हवर. शाळेत निकालपत्रक मी कायम दोन प्रतींत करत असे, एक ऑफिसात आणि एक माझ्या कपाटात. ती शिस्त घरात मात्र कधी शिकवली नव्हती.

वाचनालय त्याने पुन्हा बांधलं, पण टेकडीच्या माथ्यावर. पायऱ्या खणायला मी सांगितल्या. मोजून बावीस झाल्या. असो. रविवार आहे, पेनड्राइव्ह शोधते.