साखर, साखळदंड आणि एक प्रवचन

कोलंबस निघाला हिंदुस्थानच्या शोधात आणि पोहोचला कॅरिबियन समुद्रातल्या बेटांवर, हे आपण शाळेतच शिकतो. पण तो पोहोचल्यानंतर तिथल्या माणसांचे पुढे काय झाले? हे जाणून घ्यायचे असेल तर डोमिनिकन रिपब्लिकची राजधानी सांतो दोमिंगो गाठावी.

कोलंबसचा भाऊ बार्तोलोमे याने वसवलेले हे गाव १५०२ च्या वादळात उद्ध्वस्त झाले. गव्हर्नर निकोलास दे ओवान्दोने ते ओसामा नदीच्या पश्चिम काठावर नव्याने उभारले. अमेरिका खंडात युरोपीयांनी वसवलेल्या आणि आजही नांदत्या असलेल्या शहरांत ते सर्वांत जुने मानले जाते. १९९० मध्ये युनेस्कोने त्याच्या जुन्या भागाला जागतिक वारशाचा दर्जा दिला.

या भागातल्या एका फरसबंद रस्त्याचे नाव ‘स्त्रियांचा रस्ता’. कोलंबसची सून मारिया दे तोलेदो आपल्या मैत्रिणींसह इथे फेरफटका मारायची म्हणे! याच रस्त्यावर दगडी भिंतींच्या ‘कासास रेआलेस’, म्हणजे राजाच्या इमारती, उभ्या आहेत. एका भागात गव्हर्नर राहायचा, दुसऱ्यात राजाचे न्यायालय भरायचे. नव्या जगातल्या या पहिल्या शाही न्यायालयाचा हुकूम १५११ मध्ये निघाला. समोर १७५३ सालचे सूर्यघड्याळ आहे. कचेरीतल्या अधिकाऱ्यांना खिडकीतूनच वेळ कळावी अशी ती सोय!

१९७६ पासून इथे संग्रहालय आहे. कोलंबसच्या सफरींचे नकाशे, न्यायालयाचे दालन, जुनी शस्त्रे, औषधांच्या बरण्यांनी भरलेले दुकान, सारे निवांत पाहण्यासारखे. उसाच्या घाण्यापाशी मात्र मराठी माणसाची पावले हमखास थबकावीत. जनावरांनी फिरवायचा चरक, रस आटवायच्या काहिली. आपले गुऱ्हाळच जणू! ऊस या बेटावर आणला कोलंबसने, १४९३ च्या दुसऱ्या सफरीत. साखरेला स्पॅनिशमध्ये म्हणतात ‘असुकार’. हा शब्द आपल्या ‘शर्करा’वरूनच फारसी-अरबीमार्गे तिकडे गेला.

या साखरेची चव मात्र कडू आहे. बेटाचे मूळ रहिवासी ताईनो. स्पॅनिशांनी त्यांची वसाहतवाल्यांमध्ये वाटणी केली. मालकाने त्यांचे रक्षण करायचे, धर्म शिकवायचा आणि त्यांनी त्याच्यासाठी राबायचे, असा कागदावरचा करार. प्रत्यक्षात ती वेठबिगारीच होती. सोन्याच्या खाणी, उपासमार आणि रोगराईने माणसे भराभर गेली. १५१४ च्या मोजणीत जेमतेम २६ हजार ताईनो उरले होते. चारच वर्षांनी देवीची साथ आली. मग मळ्यांवर राबायला आफ्रिकेतून गुलाम आणले गेले. १५२१ च्या नाताळात कोलंबसचा मुलगा दिएगो याच्या मळ्यावरच गुलामांनी बंड केले. ते चिरडले गेले आणि लगेच गुलामांवर कडक कायदे लादले गेले.

या काळात विरोधाचा आवाज उठलाच नाही, असे मात्र नाही. २१ डिसेंबर १५११ रोजी आन्तोनिओ दे मोन्तेसिनोस या धर्मगुरूने भर प्रार्थनेत वसाहतवाल्यांना खडसावले. ही माणसे नाहीत का, त्यांना कोणत्या अधिकाराने राबवता, असा त्याचा सवाल होता. बडी मंडळी भडकली, माफीची मागणी झाली. पुढच्या रविवारी त्याने तेच पुन्हा सुनावले! तक्रार थेट राजापर्यंत गेली आणि १५१२ मध्ये बुर्गोस इथे ताईनोंसाठी कायदे झाले. त्यांनी वेठ थांबली नाही, पण या माणसांनाही काही हक्क आहेत ही चर्चा स्पेनच्या दरबारात सुरू झाली ती इथून.

ताईनो पूर्णपणे नाहीसे झाले असे पूर्वी पुस्तकांत असायचे. आता कॅरिबियन बेटांवरच्या अनेकांच्या रक्तात त्यांचा अंश असल्याचे जनुकीय अभ्यासांतून दिसले आहे. आणि त्यांचा एक शब्द तर आपल्या रोजच्या स्वयंपाकघरात आहे. ताईनो रताळ्याला ‘बटाटा’ म्हणत. तो शब्द पोर्तुगीजांबरोबर आपल्याकडे आला आणि वेगळ्याच कंदाला चिकटला.

संग्रहालय पाहून झाल्यावर समुद्रकिनाऱ्यापर्यंत चालत जावे. मेक्सिकोने भेट दिलेला मोन्तेसिनोसचा भव्य पुतळा १९८२ पासून तिथे आहे. तोंडाशी हात नेऊन तो समुद्राकडे ओरडतो आहे.