बेलनेच्या काठीं

प्रयागास जाणारी आपल्याकडील मंडळी त्रिवेणीचें स्नान उरकून लगेच काशीची गाडी धरतात. ज्यांस एखादा दिवस मोकळा असेल त्यांनीं दक्षिणेस विंध्याच्या उतारावरून वाहणारी बेलन नदी पाहून यावी. ही टोंस नदीस मिळते व टोंस गंगेस. तेव्हां तिचेंही पाणी अखेर काशीसच जातें.

संस्कृतांत न पेरतां उगवलेल्या भातास नीवार म्हणतात व पेरलेल्यास व्रीहि. या दोन शब्दांमधील अंतर मनुष्यानें कसें तोडलें, हें या काठच्या मातींत दिसतें. प्रयाग विद्यापीठाचे गोवर्धनराय शर्मा व त्यांचे सहकारी यांनीं येथें उत्खनन केलें. चोपनी मांडो येथें खालच्या थरांत गारगोटीचीं बारीक पातीं, म्हणजे शिकाऱ्यांचीं हत्यारें, तर वरच्या थरांत गोल झोपड्या, चुली, पाटे-वरवंटे, हातानें घडविलेलीं मडकीं आणि रानटी भात. शेत नाहीं, पण वाटण आहे! ऋषिपंचमीस आपल्या घरांतील स्त्रिया बैलाच्या कष्टाचें अन्न वर्ज्य करून देवभात खातात, तो याच जातीचा आहार होय.

पुढें कोलडिहवा व महगडा हीं गांवें. येथें घासून गुळगुळीत केलेल्या दगडी कुऱ्हाडी सांपडल्या आणि मडक्यांच्या मातींत मळलेला भाताचा तूसही. महगड्यास तर गुरांचा गोठाच सांपडला: सुमारें १२.५ मीटर लांब, ७.५ मीटर रुंद, कडेनें खांबांच्या खळग्या, आणि आंत लहानमोठ्या खुरांचे ठसे. वासरें व गाई एकत्र कोंडीत असत, एवढें त्यावरून निश्चित कळतें. मला तरी साऱ्या उत्खननांत हे ठसेच अधिक बोलके वाटतात.

आतां काळाविषयीं. कोलडिहव्याचा भात इसवी सनापूर्वीं सहाव्या-सातव्या सहस्रकाचा, म्हणून जगांत अतिप्राचीन, असें प्रथम जाहीर झालें आणि तें पाठ्यपुस्तकांत शिरलें. परंतु ज्या कोळशावरून तो काळ काढला तो जुन्या थरांतून वर आलेला असावा, अशी शंका पुढें अनेकांनीं घेतली. महगड्याची वस्ती तर इसवी सनापूर्वीं दुसऱ्या सहस्रकांतील असल्याचें नव्या परीक्षणांवरून दिसतें. गंगेच्या उत्तरेस लहुरादेवा येथें सातव्या सहस्रकाइतका जुना भात मिळाला, पण तो नीवार कीं व्रीहि, यावर पंडितांचें एकमत नाहीं. स्वदेशाचा अभिमान मलाही आहे. तथापि शंकित आकडा मुलांकडून घोकून घेऊं नये.