दुरेघी वही

आजीची एक दुरेघी वही माझ्याकडे आहे. पुठ्ठ्यावर खाकी कागद, शिवण ढिली झालेली, आणि आत निळ्या शाईत उतरवून काढलेली स्तोत्रसंहिता. नगर जिल्ह्यातल्या आमच्या गावी मिशनच्या रात्रशाळेत आजी तिशी उलटल्यावर अक्षरे शिकली. तिचे अक्षर शेवटपर्यंत शिकाऊच राहिले. रेघेला धरून चालणारे, जोडाक्षरापाशी जरा दम घेणारे. रोज पहाटे, चूल पेटण्याआधी, ती तीन वचने लिहायची. तीनच. घरात छापील पवित्र शास्त्र होते, तिला ते वाचताही येत होते. मग ही नक्कल कशाला, असे मी लहानपणी एकदा विचारले होते. ती म्हणाली, "वाचताना डोळं पुढं पळत्यात, बाळे. लिहिताना पळता येत नाही."

एकशे एकोणिसावे स्तोत्र 176 वचनांचे. हिब्रूच्या 22 अक्षरांपैकी प्रत्येकाच्या वाट्याला आठ वचने. रोजच्या तीन वचनांनी आजीला त्याला दोन महिने लागले. समासात बारीक नोंदी आहेत. आलेफच्या पानावर 'बाजरी पेरली'. लामेदपाशी 'खुरपण'. शेवटचे अक्षर ताव, तिथे 'कणसं भरली'. अख्ख्या वहीत तिचे स्वतःचे म्हणावे असे शब्द एवढेच. एखादे वचन चुकले तर तिने पान फाडले नाही की गिरवून काळे केले नाही. एक आडवी रेघ, आणि वर बरोबर शब्द. चूकही वाचता येते, दुरुस्तीही.

आमच्या घरांत प्रार्थना म्हणजे मोठ्याने केलेली. संध्याकाळच्या कौटुंबिक प्रार्थनेत, मंडळीत, आजाऱ्याच्या खाटेपाशी. माझे वडील प्रार्थना करू लागले की शब्दांना पाट फुटायचा, आणि त्या पाण्यावर मी वाढले. त्याबद्दल मनात कृतज्ञताच आहे. पण तोंडाला पाठ झालेली वाट असते. 'हे दयाळू स्वर्गीय पित्या'पासून 'आमेन'पर्यंत एकाही शब्दाला ठेच न लागता माणूस पोचू शकतो. मी कितीदा तरी पोचले आहे. हातात लेखणी घेतली की तसे होत नाही. जो शब्द मनातून आलेला नाही, त्याच्यापाशी हात थांबतो. आजीने हे कुठल्या पुस्तकात वाचले नव्हते. तिला ते बोटांतून कळले होते.

1521 साली पांप्लोनाच्या लढाईत तोफेच्या गोळ्याने पाय मोडलेला इग्नेशियस लोयोलाच्या घरात महिनोन्महिने पडून होता. येशूचे चरित्र आणि संतांच्या कथा एवढेच वाचायला मिळाले, आणि त्यातला मजकूर तो वहीत उतरवू लागला. येशूचे शब्द तांबड्या शाईने, मरियेचे निळ्या. शिपाईगिरी आणि दरबार यांखेरीज ज्याने फारसे काही पाहिले नव्हते, तो माणूस दोन शाया घेऊन रेघा आखलेल्या कागदावर सुवाच्य अक्षर काढत बसला आहे, हे चित्र मला फार जवळचे वाटते. पुढे त्याने येशूसंघ स्थापला. त्या संघाचा एक इंग्रज पाद्री, थॉमस स्टीफन्स, 1579 साली गोव्याला आला, इथल्या भाषेला आपली जीभ वाहून बसला, आणि 1616 साली त्याचे 'ख्रिस्तपुराण' छापून निघाले. जवळजवळ अकरा हजार ओव्या. देवनागरीचे खिळे नव्हते, म्हणून मराठी ओवी रोमन लिपीत. गोव्यात छापलेल्या त्या प्रती काळाच्या ओघात नाहीशा झाल्या. पुराण उरले ते हाताने केलेल्या नकलांतून. मंगळूरकडच्या ख्रिस्ती मंडळींनी हस्तलिखिते जपली होती. 1907 साली तिथे जी छापील आवृत्ती निघाली ती त्यांच्या आधारावर. त्या नकला उतरवणाऱ्यांची आठवण मला स्टीफन्सइतकीच येते. एकेक ओवी लिहिताना ती कितीदा ओठांवर आली असेल!

आमच्या शास्त्रात मोशेच्या पाचव्या ग्रंथाचे नाव 'अनुवाद' आहे. मागून म्हणणे, पुन्हा सांगणे. भाषांतर हा अर्थ आपण त्या शब्दाला नेहमीच्या वापरात दिला. मुळात तो मागोमाग चालणारा शब्द आहे. त्याच ग्रंथाच्या सतराव्या अध्यायात राजासाठी एक आज्ञा आहे. सिंहासनावर बसला की त्याने नियमशास्त्राची एक नक्कल स्वतःसाठी लिहावी आणि आयुष्यभर ती वाचावी. कशासाठी, तेही सांगितले आहे: त्याच्या मनाने आपल्या भाऊबंदांपेक्षा वर चढून बसू नये म्हणून. या कारणापाशी मी पुन्हा पुन्हा येते.

पंडिता रमाबाईंनी हा अनुवाद दोन्ही अर्थांनी केला. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये, शेकडो निराधार बायका-मुलींचा संसार सांभाळत, हिब्रू आणि ग्रीक शिकून घेऊन, कमी होत चाललेल्या श्रवणाच्या शांततेत, त्यांनी वर्षानुवर्षे सबंध बायबल मराठीत आणले. ज्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या कलकत्त्याच्या विद्वानांनी दिल्या, ज्यांना भागवत मुखोद्गत होते, त्यांनी ठरवले की या शास्त्राची मराठी खेड्यातल्या, नुकती अक्षरे शिकलेल्या बाईला कळली पाहिजे. म्हणजे जिभेवर आपोआप येणारा भारदस्त संस्कृत शब्द रोज परत पाठवायचा आणि अंगणातला शब्द बोलावून आणायचा. उपासतापास मी पाहिले आहेत, थोडे केलेही आहेत. आपल्याला उत्तम येत असलेली गोष्ट दुसऱ्यासाठी सोडणे हा त्यांहून कठीण उपास आहे असे मला वाटते. खिळे जुळवायला, छापायला मुक्तीतल्याच बायका होत्या. 1921 साली मुलगी मनोरमा गेली. रमाबाई काम करतच राहिल्या. 5 एप्रिल 1922 रोजी त्या गेल्या तेव्हा भाषांतर हातावेगळे झाले होते; सबंध ग्रंथ बाहेर आला तो 1924 साली. माझ्या आजीसारख्या बायकांसाठीच तर त्या हे सगळे करत होत्या.

लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' मी याच ओळीत धरते, जरी त्यांत प्रार्थना कमी आणि घरातली भांडीकुंडी जास्त आहेत. नवरा ख्रिस्ती झाला तेव्हाचा आकांत, दुराव्याची वर्षे, विटाळाची मनातली भिंत कशी कशी ढासळत गेली ते सारे त्यांनी लिहिले, आणि त्यात स्वतःला कुठे सावरून घेतले नाही. राग आला तिथे राग आहे. ख्रिस्ती माणूस ज्याला पापांगीकार म्हणतो, तो एवढ्या मोकळ्या हवेत केलेला मी दुसरीकडे फार थोड्या ठिकाणी पाहिला.

आता माझे सांगते. पंधरा वर्षांपूर्वी दादाने विहीर खणायला घेतली आणि मी माझ्या पाटल्या मोडून पैसे दिले. विहिरीला पाणी लागले. पैसे परत आले नाहीत. पैशांपेक्षाही, त्याने चार माणसांत 'ताईनं काय दिलं?' म्हटले, ते लागले. आम्ही दोघे एकाच मंडळीत, एकाच बाकाच्या दोन टोकांना बसून प्रभूची प्रार्थना म्हणत आलो. मराठीत तिथे अपराध नाही, ऋण आहे. आणि आपल्या ऋणकऱ्यांविषयीचे क्रियापद पूर्ण काळातले आहे: सोडले आहे. आधी आपण सोडून झालो आहोत, मग देवाकडे मागतो आहोत. इतकी वर्षे ते शब्द तोंडाने सुखरूप पार पडत होते.

आजीची वही मिळाल्यावर मीही एक आणली, दुरेघीच, आणि पहाटे लिहू लागले. मत्तयाचा सहावा अध्याय आला. त्या वचनातल्या 'सोडले' या शब्दापर्यंत आले आणि हात पुढे जाईना. तीन दिवस ती ओळ अर्धी होती. चौथ्या दिवशी वचन जसे आहे तसे पूर्ण केले, कारण ते माझे नव्हे, प्रभूचे होते. पण समासात पेन्सिलीने लिहिले, 'दादाचे सोडावे असे मला वाटावे.' एवढेच खरे होते. तेवढेच देवापुढे ठेवले.

मग रोजची तीन वचने झाली की समासातली ती ओळ मी पुन्हा लिहायची असा नेम धरला. शब्द आपणहून बदलू द्यायचे, ओढून नाही. पावसाळा गेला. दिवाळीच्या सुमारास एका सकाळी ती ओळ 'सोडावे असे वाटते' अशी उतरली. नाताळात दादाच्या घरी करंज्या घेऊन गेले, त्याने विहिरीवर नेले, पाणी दाखवले. दोघेही फार बोललो नाही. काठावर वाकून पाहिले तेव्हा आत आकाश होते. दुसऱ्या दिवशी पेन्सिलीने लिहिले गेले: 'सोडते आहे.'

आडवी रेघ मारून जुनी वाक्ये तशीच ठेवली आहेत. पेन शेजारी भरलेले असते. आज पहाटे लूकच्या पंधराव्या अध्यायातली तीन वचने झाली, धाकटा मुलगा अजून दूर आहे, आणि समासात पुन्हा पेन्सिलच उचलली.