शाळेतील ते चार दिवस

ज्या विषयावर आज आम्ही लिहावयास बसलो आहोत, तो विषय आमच्या आईने कधी मोठ्याने उच्चारला नाही. घरात "कावळा शिवला" एवढेच म्हटले जाई, आणि तेही पुरुषमंडळी बाहेर गेल्यावर. अशा विषयासाठी आपल्या पत्रिकेत जागा मागताना आम्हांस संकोच वाटला नाही, असे नाही. परंतु गेल्या वर्षी आमच्या घरी जे घडले, त्यानंतर गप्प बसणेच अधिक लाजिरवाणे वाटू लागले. म्हणून हा लेखनप्रपंच.

आमची नात येथील एका शाळेत सातवीत होती. सप्टेंबरचे दिवस, उन्हाचा ताप अजून ओसरला नव्हता. तिच्या दप्तरातील पाण्याची बाटली रोज जशी भरून नेलेली, तशीच परत येई. आमच्या मुलीने प्रथम दटावले, मग गोडीगुलाबीने विचारले. उत्तर मिळाले नाही. एका शुक्रवारी संध्याकाळी, शब्बाथचे दिवे लावून झाल्यावर, ती स्वयंपाकघरात आमच्याजवळ येऊन उभी राहिली आणि हळूच म्हणाली, "नानी, पाणी प्यायलं की जावं लागतं. आणि जाऊ देत नाहीत."

मग सारी हकिगत उलगडली. तासाच्या वेळी वर्गाबाहेर जावयाचे नाही, असा शाळेचा नियम. मुलींच्या दोन स्वच्छतागृहांपैकी वरच्या मजल्यावरील एकास कुलूप, कारण कोणीतरी तेथील नळ मोडले होते. किल्ली कार्यालयात, आणि ती मागणाऱ्या मुलीस "कशाला हवी?" हा प्रश्न ठरलेला. मधल्या सुट्टीत खालच्या स्वच्छतागृहापुढे एवढी रांग, की निम्म्या मुलींचा नंबर लागण्यापूर्वीच घंटा होई. एके दिवशी तिने तासाला हात वर केला. शिक्षकांनी सर्व वर्गादेखत विचारले, "अशी काय घाई आहे?" समोर तीस मुले-मुली बसलेली. ती काय सांगणार? तिने हात खाली घेतला. तास संपला तेव्हा कपड्यांस डाग लागला होता. अंगातील स्वेटशर्ट तिने कमरेभोवती बांधला आणि वर्ग रिकामा होईपर्यंत ती जागेवरून उठली नाही. पुढच्या महिन्यात दोन दिवस "पोट दुखते" म्हणून ती घरीच राहिली. पोट दुखत होते हे खरे. परंतु ती घरी राहिली ती त्या प्रश्नाच्या धास्तीने.

हे ऐकताना आमच्या डोळ्यांसमोर १९६२ सालची मुंबईतील आमची शाळा उभी राहिली. पांढरा गणवेश, लाकडी बाक, आणि आईच्या जुन्या सुती लुगड्याच्या घड्या. त्या दिवशी आम्हीही दप्तर पाठीमागे धरून भिंतीच्या कडेकडेने घरी आलो होतो. आईने कपडे भिजत घातले आणि एवढेच म्हटले, "मुकाट्याने सोसायचं, पोरी. बाईच्या जातीला हे आहेच." पुढे आम्ही या देशात आलो, घर बदलले, भाषा बदलली, लुगड्याच्या घड्या जाऊन दुकानातील पॅड आले. पण आमची मुलगी वयात आली तेव्हा आम्ही तिला काय सांगितले? तेच शब्द. त्या शुक्रवारी तिने आमच्याकडे पाहिले; ती काही बोलली नाही, आणि बोलण्याची गरजही नव्हती.

या प्रकृतिधर्माची दोन-चार साधी तथ्ये आपण मनाशी स्पष्ट ठेवली पाहिजेत. पाळी सुरू झाल्यावर पहिली दोन-तीन वर्षे ती पुष्कळदा अनियमित असते; म्हणून "तयारीनिशी का आली नाहीस?" हा प्रश्न बारा-तेरा वर्षांच्या मुलीस विचारणे अन्यायाचे आहे. स्राव साधारणतः दोन ते सात दिवस चालतो. पॅड सुमारे चार ते सहा तासांनी, आणि स्राव अधिक असल्यास त्याहूनही लवकर बदलावा लागतो. मूल सकाळी आठपासून दुपारी दोनपर्यंत शाळेत असते, म्हणजे सहा तास. घंटा शाळेच्या घड्याळाप्रमाणे वाजते, शरीर तिच्याप्रमाणे चालत नाही. लघवी वारंवार रोखून धरल्याने मूत्रमार्गात जंतुसंसर्ग होण्याचा संभव वाढतो, आणि पाणी न पिण्याने तो कमी न होता उलट वाढतो. जी मुलगी बाटली भरलेली परत आणते, ती शिस्त पाळत नसते. ती आपली प्रकृती बिघडवीत असते.

काही वाचक म्हणतील, की हा विषय धर्माला धरून नाही. आमचे मत उलट आहे. आपल्या घरांत लहान मुलांनाही 'अशेर यात्सार' ही ब्राखा शिकविली जाते. देहधर्म उरकल्यावर शरीरातील मार्ग व पोकळ्या निर्माण करणाऱ्या परमेश्वराचे आभार मानण्यात आपल्या पूर्वजांना कमीपणा वाटला नाही. तालमूदच्या मक्कोथ या भागात तर नैसर्गिक विधी रोखून धरणाऱ्यास दोष दिला आहे. लेवीय पुस्तकातील स्वतःस अमंगळ न करण्याच्या आज्ञेचा तो भंग मानला आहे. बराखोथ या भागात मानवी प्रतिष्ठेचे महत्त्व एवढे मोठे मानले आहे, की तिच्यापुढे काही निषेधांनीही माघार घ्यावी. आणि चारचौघांत दुसऱ्याचा चेहरा लाजेने पांढरा करणे हे रक्त सांडण्यासारखे आहे, हा आशय बाबा मेत्सिआत आढळतो. निद्दाचे नियम आज मुख्यतः पतिपत्नींच्या सहवासापुरते आहेत. शाळकरी मुलीने मान खाली घालावी, असे त्यांत काही नाही. बारा वर्षे पूर्ण होताच आपण मुलीची बाथ मित्स्वा साजरी करतो, मलिद्याचे ताट मांडतो, आणि ती आता आपल्या आचरणास स्वतः जबाबदार झाली असे म्हणतो. जी धर्माज्ञांना जबाबदार झाली, तिला वर्गाबाहेर पाच मिनिटे जाण्यापुरतेही विश्वासपात्र मानू नये काय?

हा प्रश्न केवळ येथील एका शाळेचा नाही. ज्या ठाण्यात आपले सिनेगॉग आहे आणि आपल्यापैकी अनेकांचे आप्त आजही राहतात, त्याच जिल्ह्यातील शहापूर येथे जुलै २०२५ मध्ये एका शाळेच्या स्वच्छतागृहात रक्ताचे डाग आढळले. तेव्हा पाचवी ते दहावीच्या मुलींना जाब विचारण्यात आला व काही मुलींना कपडे उतरवून तपासण्यात आले. पालक संतापून उठले, पोलिसांत तक्रार झाली, मुख्याध्यापिकेस अटक झाली. भारतात २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने मुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृह आवश्यक ठरविले आहे. परंतु भिंती बांधल्याने मनातील कुलूप निघत नाही, हे त्या घटनेने दाखविले. इंग्लंडमध्ये जानेवारी २०२० पासून सरकारी शाळांना विद्यार्थिनींसाठी पॅड विनामूल्य मागविता येऊ लागले. स्कॉटलंडने २०२१ मध्ये त्यासाठी स्वतंत्र कायदाच केला. या गोष्टी स्तुत्य आहेत. तथापि पॅड पेटीत आणि मुलगी बाकावर अडकलेली असेल, तर त्या पेटीचा उपयोग काय?

आमची मुलगी व आम्ही वर्गशिक्षिकेची वेळ मागून शाळेत गेलो. भांडावयाचे नाही, असे घरूनच ठरविले होते. बाईंनी शांतपणे ऐकून घेतले. मग त्यांनी आपली बाजू सांगितली: एकीस सोडले की पाच जणी उठतात, स्वच्छतागृहात मुले धूम्रपान करतात, मोडतोड करतात, आणि तासाच्या वेळी बाहेर गेलेल्या मुलाचे काही बरेवाईट झाल्यास जबाबदारी शिक्षकाची. हे सारे खरे आहे, आणि पालकांनी ते समजून घेतले पाहिजे. परंतु शेवटी बाई थोडे थांबून म्हणाल्या, "खरं सांगायचं तर मीही सकाळपासून दुपारपर्यंत वर्ग सोडून जाऊ शकत नाही. मीही पाणी पीत नाही." त्या क्षणी टेबलाच्या दोन बाजू उरल्या नाहीत.

त्या बैठकीतून ज्या गोष्टी निघाल्या, त्या इतर कुटुंबांच्या उपयोगी पडाव्यात म्हणून येथे नमूद करतो. मुलीने शिक्षकांपुढे एक लहानसे कार्ड ठेवावयाचे व निघावयाचे. कारण विचारावयाचे नाही. असे कार्ड ज्यास प्रकृतीचे कारण असेल त्या मुलासही मिळावे, म्हणजे कार्डावरूनच कोणी तर्क करणार नाही. पॅडची पेटी कार्यालयात न ठेवता स्वच्छतागृहातच ठेवावयाची, शेजारी झाकणाचा डबा, आणि दारास आतून लागणारी कडी. वरचे कुलूप काढावयाचे, आणि मोडतोडीवर लक्ष ठेवण्याचे काम मुलींवर न टाकता शाळेने पाहावयाचे. घरच्यांनी करावयाचे तेही आहेच: दप्तरात एका लहान पिशवीत दोन पॅड व एक जादा चड्डी ठेवावी, आणि वडिलांना व भावांनाही ही गोष्ट सरळ शब्दांत सांगावी. आमच्या जावयाने ते प्रथमच ऐकले. तो थोडा गोंधळला, आणि दुसऱ्या दिवशी स्वतः दुकानातून पुडके घेऊन आला.

सर्व काही सुरळीत झाले, असे आम्ही म्हणत नाही. कुलूप निघाले, पेटी मात्र पुष्कळदा रिकामी असते, साबण तर क्वचितच असतो. एक शिक्षक अजूनही कार्डाकडे पाहून भुवया उंचावतात. पण नात शाळेत जाते, आणि तिची बाटली बहुधा रिकामी परत येते.

आपल्या पिढीने या देशात पुष्कळ सोसले आणि त्याचा आपल्याला अभिमान आहे. मात्र जे सोसणे निरर्थक होते, तेही आपण संस्कार म्हणून पुढे दिले. आईबद्दल आमच्या मनात किंचितही राग नाही. तिच्याजवळ द्यावयास दुसरे शब्द नव्हते. आपल्याजवळ आहेत. ज्या घरात नात किंवा मुलगी शाळेत जाते, त्या घरातील आजीने या शब्बाथला तिला जवळ बसवून एकच प्रश्न विचारावा: "शाळेत तुला पाणी पिता येतं का गं?" उत्तर "नाही" असे आले, तर रविवारी तिच्याबरोबर शाळेत जावे.